एका तपाचा तांदूळ

“विकू का रे दादा? एवढंच सांग. हो की नाही.”

सुमाआत्या दारातच उभी होती. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. छप्पन्न सालचा जानेवारी संपत आला होता. गोळीबार थांबून संचारबंदी उठली होती, पण ट्रामचा भरवसा नव्हता, म्हणून ती परळहून गिरगावात आमच्याकडे पायी आली होती. हातात दादरच्या एका गृहनिर्माण सोसायटीचं पत्र होतं. एक खोली, स्वयंपाकघर, नळ आत. सहा हजार रुपये, मार्चअखेरपर्यंत.

“आधी पाणी पी,” अण्णा म्हणाले.

अण्णा म्हणजे माझे वडील, मनमोहन मानकर. फोर्टात एका शेअर दलालाच्या पेढीवर सत्तावीस वर्षं कारकून. लोकांचे शेअर या नावावरून त्या नावावर करण्याचे फॉर्म भरायचे, सह्या ताडून बघायच्या, हे त्यांचं काम. स्वतः जन्मात एक शेअर घेतला नाही. हलवायाकडे नोकरी करणाऱ्याने पेढ्याला हात लावू नये, असं त्यांचं म्हणणं. नाकासमोर चालणारा माणूस, आणि आपण नाकासमोर चालतो हे चारचौघांत सांगणाराही.

आत्याकडे मात्र शेअर होते. त्रेचाळीस साली तिचे यजमान, आमचे काका, गेले तेव्हा तिच्यासाठी दक्षिण परळ इस्टेट कंपनीचे साठ शेअर तेवढे ठेवून गेले. लालबागपासून डिलाईल रोडपर्यंत या कंपनीच्या चाळी होत्या. सुरुवातीची दोन वर्षं आत्या आमच्याकडे राहिली, मग दिराने तिला परळला नेलं. तेव्हापासून ती त्याच्या घरी रांधत होती. दीर वाईट नव्हता. पण तिचं अंथरूण स्वयंपाकघरात, आणि तेही घरातल्या शेवटच्या माणसाचं जेवण उरकून भांडी घासून झाल्यावर पडायचं. दुपारी जरा आडवं व्हायचं तरी कुणी चहा मागायला आलं की उठायचं. मला ती एकदा म्हणाली होती, “नलू, मला एक दार हवंय गं. आतून कडी लावता येईल असं.”

शेअरचा भाव त्या दिवशी एकशेचार होता. साठ शेअरचे सहा हजार दोनशे चाळीस. म्हणजे खोली येऊन वर दोनशे चाळीस उरत होते. आत्याने एवढा हिशेब बोटांवर केला होता आणि तिच्या दृष्टीने तो तिथे संपला होता.

अण्णांच्या दृष्टीने तो तिथे सुरू होत होता.

“बस,” ते म्हणाले. “नलू, ट्रंक ओढ.”

ट्रंकेत जुनी पंचांगं होती. आमच्या घरी आजीपासूनची रीत अशी, की पाडव्याला नव्या पंचांगाला हळदकुंकू वाहिलं की त्याच्या आतल्या पानावर त्या दिवशीचा तांदळाचा भाव लिहायचा. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. आजीने लिहिला, मग आईने लिहिला. जुनं पंचांग टाकायचं नसतं, म्हणून ती सगळी राहिली होती. अण्णांच्या डोक्यात या ढिगातून एक कल्पना निघाली होती आणि तिच्यावर त्यांचं आमच्याहून जास्त प्रेम होतं, असं मी थट्टेत म्हणायची. फार थट्टाही नव्हती ती.

“हे बघ सुमा, कंपनीने गेल्या साली किती कमावलं यावर जाऊ नये,” अण्णांनी सुरू केलं. “एखाद्या साली ती जमिनीचा तुकडा विकते, नफा फुगतो. एखाद्या साली चाळींची दुरुस्ती निघते, नफा बसतो. एक तप बघावं. बारा वर्षांची कमाई घेऊन सरासरी काढावी.”

“बरं.”

“पण रुपयांची सरासरी काढली तर फसशील. चव्वेचाळीसचा रुपया निराळा आणि आजचा निराळा. नाव एकच, माणूस दुसरा. म्हणून मी काय करतो? त्या साली शेअरमागे जेवढे रुपये मिळाले, त्यांत त्या साली तांदूळ किती आला असता ते बघतो. बारा वर्षांचा तांदूळ एकत्र करतो, बारांनी भागतो, आणि मग आजच्या भावाने त्याचे रुपये करतो. ती कंपनीची खरी कमाई. अशा चाळीवाल्या कंपनीला खऱ्या कमाईच्या पंधरा पट मोल द्यावं.”

“किती आलं मग?”

“एकशेवीस.”

पेढीवरचे लोक त्यांना ‘तांदूळवाले’ म्हणत. शितावरून भाताची परीक्षा सगळेच करतात, आमचे मानकर भातावरून कंपनीची करतात, असं कुणीतरी म्हटलेलं त्यांनीच घरी येऊन कौतुकाने सांगितलं होतं. शेठजी हसून म्हणायचे, “मानकर, बाजार को चावल नही दिखता, डर दिखता है.” ते मात्र अण्णांना आवडत नसे.

“एकशेवीसचा माल एकशेचारला का द्यायचा?” अण्णांचा आवाज चढला. “भाव का पडलाय ठाऊक आहे? मुंबई महाराष्ट्रात गेली तर आपलं काय, म्हणून शेठ लोक घाबरलेत. मुंबई महाराष्ट्रात गेली म्हणून लालबागच्या चाळी काय समुद्रात जाणार आहेत? त्यांना घाबरून विकू दे. आपण कशाला विकायचं?”

आता हे ऐकल्यावर नको कोण म्हणणार? त्या आठवड्यात आमच्या वाडीतला एक मुलगा पायाला गोळी लागून इस्पितळात होता. शेअर विकणं म्हणजे पळ काढणं, असं मलाही वाटून गेलं. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. अण्णांचा कागद घेऊन मी सगळे भागाकार तपासले. एकही चूक नव्हती.

आई स्वयंपाकघराच्या दारात सूप घेऊन उभी होती. “पंचांगातले भाव धरलेत का?” तिने विचारलं.

“मग आणखी कुठले धरणार? आठ वर्षं रेशनचे आहेत, पुढची चार खुल्या बाजाराचे. तुझ्याच हातचे आकडे आहेत. आमच्या घरात काळ्या बाजाराचा दाणा आला नाही सुमा, तुला ठाऊकच आहे. दोन वर्षं तू इथेच तर होतीस. सात तोंडं, आणि रेशनात भागवलं हिने. टापटीप असली की सगळं पुरतं.”

हे वाक्य आम्हा तिन्ही भावंडांना पाठ होतं. लढाईच्या दिवसांत अण्णांनी ते वाडीत घरोघर ऐकवलं होतं आणि चार घरच्या बायकांनी त्यापायी आईशी बोलणं टाकलं होतं.

आत्याने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घालून सुपातला खडा शोधला. मला तेव्हा एवढंच दिसलं.

“तू म्हणशील तसं, दादा,” आत्या म्हणाली आणि पत्राची घडी घालून कमरेला खोचली.

अण्णा स्वतः दादरला जाऊन सोसायटीच्या चिटणिसांना भेटले आणि दिवाळीपर्यंत मुदत मागून आले. तोवर भाव एकशेवीसला येणार याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. आत्याला त्यांनी कपाट कुठल्या भिंतीला लावायचं तेसुद्धा सांगून ठेवलं.

एप्रिलात भाव सत्त्याण्णव झाला. श्रावणात नव्वद. दिवाळीला महाराष्ट्र-गुजरातचं मिळून द्वैभाषिक राज्य आलं, शेठ लोकांची भीती गेली, इतर पुष्कळ कंपन्यांचे शेअर वर आले, आणि दक्षिण परळ इस्टेट एकोणऐंशीवर येऊन बसला. चाळींची भाडी कायद्याने चाळीस सालच्या आकड्याला बांधलेली आणि रंगसफेदीची मजुरी आजच्या भावाची. हे काही गुपित नव्हतं. अण्णांच्या कागदातही ते उतरायला हवं होतं. पण कागद एकशेवीसच म्हणत राहिला.

सोसायटीने खोली दुसऱ्याला दिली. आत्याचं कार्ड आलं. ‘दादास साष्टांग नमस्कार. दादरची जागा गेली. आपण मनास लावून घेऊ नये. वहिनीस संधिवाताला एरंडेल चोळावे.’

अण्णांनी मनाला लावून घेतलं, पण भलत्याच ठिकाणी. आपण चुकलो असं त्यांना वाटलंच नाही. बाजार चुकला, आणि आज ना उद्या तो लाजेल, असं ते म्हणत. जेवताना म्हणत, देवपूजा करताना म्हणत. खरं सांगते, मला त्यांचा राग येई. परळच्या त्या स्वयंपाकघरात आत्या दुपारी चहाला उठत असेल आणि हे इथे बाजाराला लाजवायला बसलेत.

सत्तावन्नच्या मार्चमध्ये अण्णा निवृत्त झाले. प्रॉव्हिडंट फंडाचे सात हजार आणि काही शे रुपये हातात आले. लगेच पाडवा आला. गुढी उभी राहिली, नव्या पंचांगाला हळदकुंकू वाहून झालं, आणि अण्णांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत सांगितलं, “मी ठरवलंय. शेअर शहात्तरला आलाय. एकशेवीसचा माल शहात्तरला! नव्वद शेअर घेतो. उद्या पेढीवर जाऊन पैसे भरतो. सुमालाही निरोप पाठवतो, एकही विकू नकोस म्हणून. मी स्वतः घेतोय म्हटल्यावर तिला धीर येईल.”

सत्तावीस वर्षांत पेढ्याला हात न लावलेला माणूस आता सगळा खोकाच उचलायला निघाला होता.

“अण्णा, थोडे घ्या,” मी म्हटलं. “निम्मे ठेवा.”

“गणिताची शिक्षिका ना तू? गणित खरं असेल तर निम्मं कशाला?”

आई पंचांगावर भाव लिहायला बोरू घेऊन बसली होती. तिने तो खाली ठेवला. मग डाव्या हातातली पाटली काढायला लागली. हात सुजला होता, ती लवकर निघेना. साबण लावायला ती मोरीत गेली आणि ओला हात घेऊन परत आली. पाटली तिने नव्या पंचांगावर, त्या हळदकुंकवावरच ठेवली.

“ही सराफाकडे नेऊन तोलून आणा,” ती म्हणाली. “नाहीतर राहू दे. पितळेची आहे.”

अण्णांना समजलं नाही. मला तर मुळीच नाही.

“मुलामा दिलाय वरून. दर दोन वर्षांनी देऊन आणते. बिलवर पण तसेच. गोठ तर आता नाहीतच, ते मी वापरत नाही असं तुम्हाला वाटतं.”

“म्हणजे? सोनं कुठाय?”

“खाल्लं.”

अण्णांनी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला.

“अहो, रेशनचा तांदूळ पंधरा तारखेला संपायचा. तुमच्या आई होत्या, तीन मुलं, सुमाताई. तुम्ही म्हणायचात टापटीप असली की पुरतं. टापटिपीने काय तांदूळ वाढतो? विरारहून एक बाई यायची, लुगड्याच्या आत पिशव्या बांधून. रुपयाला सवा शेर. कधी दीड. तुमचा काळ्या बाजाराला हात न लावण्याचा नेम होता. तो मोडू नये म्हणून मी लावला.”

“आणि पंचांगात?”

“पाडव्याला तुम्ही तो भाव मोठ्याने वाचायचात सगळ्यांसमोर. तिथे काय लिहिणार? रेशनचाच लिहिला. मला काय ठाऊक की त्याच्यावर तुम्ही उद्या सुमाताईंची खोली मांडणार आहात? त्या दिवशी बोलायला हवं होतं. बोलले नाही. तेवढ्यासाठी देव मला काय शिक्षा करायची ती करो. पण आता तुम्ही आपलं म्हातारपण घालायला निघालात.”

आई रडत नव्हती. तिने मुठीत पदराचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. मी पस्तीस-चाळीस मुलींना रोज गणित शिकवते, आणि मला दहा-अकरा वर्षं आईच्या हातातलं पितळ दिसलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. माझ्या लग्नाचा विषय निघाला की अण्णा म्हणायचे, सोनं घरात आहे. आई दर वेळी तेवढ्यात उठून आत का जायची, ते मला त्या क्षणी कळलं.

खालच्या मजल्यावर श्रीखंडासाठी कुणीतरी वेलची कुटत होतं.

मग अण्णांनी ट्रंकेतून कागद काढला. “चव्वेचाळीस,” ते म्हणाले. आवाज अगदी कारकुनाचा होता. “चव्वेचाळीस साली काय भावाने आणलास?”

“सवा शेर. त्या साली उजव्या हातातला गोठ गेला.”

“पंचेचाळीस?”

“सव्वाच. पावसात शेराला रुपया. तुमच्या आई आजारी होत्या, त्यांना पेज लागायची. डावा गोठ.”

“सेहेचाळीस?”

“दीड. बिलवर.”

आई सांगत गेली आणि अण्णा लिहीत गेले. एकही साल ती विसरली नव्हती. निम्मा तांदूळ रेशनच्या भावाने, निम्मा तिच्या भावाने, असं धरून त्यांनी आठही वर्षं नव्याने मांडली. मी मदत करू का विचारलं, तर हाताने नको म्हणाले. तासाभराने त्यांनी कागदाच्या तळाशी एक आकडा लिहिला, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला.

ऐंशी.

बाजारात भाव शहात्तर होता. ज्याला ते वर्षभर घाबरट म्हणत आले, त्या बाजाराला आमच्या घरातला तांदळाचा भाव ठाऊक होता. अण्णांना नव्हता.

त्यांनी पाटली उचलली आणि आईपुढे धरली. शेवटी आईनेच ती घेऊन पुन्हा हातात घातली.

“परळला जाऊन येतो,” अण्णा म्हणाले. मी बरोबर गेले.

आत्याच्या दिराकडे दुपारची पंगत उठली होती. पुढच्या खोलीत मंडळी लवंडली होती. आत्या मागे स्वयंपाकघरात एकटीच, तिचं जेवण व्हायचं होतं. आम्हाला पाहून ती घाबरली. “वहिनी बरी आहे ना?”

अण्णा जमिनीवरच बसले. ओट्याखाली आत्याची ट्रंक होती आणि भिंतीशी तिची वळकटी. सांगायला फार काही नव्हतं. त्यांनी सगळं चार वाक्यांत सांगितलं. पाटली, विरारची बाई, एकशेवीसचे ऐंशी. शेवटी म्हणाले, “सुमा, तुझी खोली मी घालवली.”

आत्या थोडा वेळ पातेल्यावरचं झाकण नीट करत राहिली.

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “तांदळाचं. तो मीच आणायची ना. वहिनीला घरातून निघता यायचं नाही, तू विचारशील म्हणून. मी देवळात जाते सांगून चर्नी रोडला जायची आणि त्या बाईकडून घेऊन यायची.”

“मग त्या दिवशी का बोलली नाहीस?” अण्णा जवळजवळ ओरडले. “मी तोंडावर म्हटलं, रेशनचे भाव आहेत म्हणून!”

“वहिनीकडे बघितलं मी. तिने मान खाली घातली. तिने मला शपथ घातली होती रे. माझ्या तोंडात दोन वर्षं तिचं सोनं गेलंय. ते मीच उघडं करू?” मग जरा थांबून ती म्हणाली, “आणि तुझं ते तपाचं गणित मला कुठे कळत होतं, दादा? मला एकशेचार पुरत होते. मी तेवढंच विचारलं होतं.”

अण्णांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. माझ्या वडिलांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला त्यांचा राग येईना. साठीला टेकलेल्या माणसाला एका दुपारी कळलं होतं, की आयुष्यभर ज्या ताटावर आपण ताठ बसलो, ते दोन बायकांनी लपूनछपून भरलेलं होतं. कीव आली म्हणू? कीवही नाही. ते माझे अण्णा होते, एवढंच.

“जेवला नसशील,” आत्या म्हणाली. “पाडव्याचं उपाशी जाऊ नकोस.”

तिने तिच्यासाठी राहिलेलं पातेलं उघडलं. दोन ताटं घेतली, मग स्वतःच्या वाट्याचं तिसरं. अण्णांच्या ताटात भाताची मूद घालून त्यावर वरण वाढलं. अण्णांनी चित्राहुती घातली, हात भाताकडे नेला आणि तसाच थांबवला.

“सुमा, हा तांदूळ काय भावाने आणलास?”

एवढ्या वर्षांत जेवताना त्यांनी कुणाला असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

“रुपयाला दोन शेर,” आत्या म्हणाली. “जुना आहे, चांगला फुलतो.”

अण्णांनी मान हलवली आणि जेवायला सुरुवात केली. ताटाबाहेर एक शीत पडलं होतं, तेही उचलून तोंडात घातलं. बसून बसून त्यांची पाठ भरून आली असावी, त्यांनी मागे टेकायला पाहिलं. आत्याने जेवता जेवता उठून भिंतीशी असलेली आपली वळकटी कोपऱ्यात ट्रंकेच्या आड सरकवली आणि त्यांना टेकायला जागा करून दिली.